पाचव्या दिवशीचा सामना

शहाजी थोरबोले गेल्याची बातमी दोह्यातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली, तेव्हा तिच्याखाली एक फोटो होता. दोन्ही हात वर, निळी टोपी मागे सरकलेली, तोंडभर हसू. फोटो पियूषनं टाकला होता. त्याच्याखाली भराभर जोडलेले हात उमटले, आणि कुणीतरी लिहिलं, "किती आनंदी माणूस होता." मग बऱ्याच जणांनी तेच लिहिलं.

दत्तोपंतांनी काहीच लिहिलं नाही. त्यांना ग्रुपवर लिहायची सवय नव्हती, आणि लिहायचं म्हटलं तरी त्यांच्यापाशी होतं काय? तीन महिन्यांचे शुक्रवार, तेही मधले काही वगळून. शहाजींचं गाव बार्शीकडचं, एवढं ठाऊक. गावाचं नाव विचारायचं राहून गेलं. बायकोचं नाव शहाजींनी एकदा सांगितलं होतं, ते दत्तोपंत विसरले. शेवटच्या वेळी मुलगा पोचला की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. फोटो कधीचा, कुणी आणि का काढला, एवढं मात्र दत्तोपंतांना पक्कं माहीत होतं. कारण त्या वेळी ते शहाजींच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

दत्तोपंत नाशिकचे. पत्नी गेल्यावर अभिजितनं, म्हणजे मुलानं, त्यांना दोह्याला आणलं. अल हिलालमधल्या फ्लॅटमध्ये त्यांना स्वतंत्र खोली होती, खिडकीतून समोरच्या मशिदीचा मिनार दिसायचा, आणि दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवारी मात्र घर भरायचं. अभिजितचा ऑफिसातला मित्र पियूष यायचा. तो दोन वर्षं अमेरिकेत शिकून आलेला, तिकडच्या फुटबॉलचं वेड घेऊन. हा फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. अंडाकृती चेंडू, डोक्याला शिरस्त्राणं, मिनिटामिनिटाला थांबणारा खेळ. गौरी, दत्तोपंतांची सून, म्हणायची, "भांडण सोडवायला गेलेली माणसंच भांडतायत असं वाटतं मला."

महत्त्वाचे सामने अमेरिकेत रविवारी संध्याकाळी व्हायचे, म्हणजे दोह्यात सोमवारची पहाट. ऑफिस बुडवून कोण बघणार? म्हणून पियूषनं एक नियम केला. सामना शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी मिळून बघायचा, आणि तोवर निकाल कुणी बघायचा नाही, कुणी सांगायचा नाही. या नियमाचं नाव होतं 'पडदा'. नियम मोडायचे सगळेच. सोमवारी चहाच्या आत पियूषला आकडे पाठ असायचे, मंगळवारपर्यंत अभिजितला. पडदा पाळणारा माणूस एकच, शहाजी.

शहाजी या घरात आले ते कोजागरीच्या दुधामुळे. मंडळाच्या कार्यक्रमात ते मोठ्या पातेल्यापाशी उभे राहून दूध ढवळत होते. मेसईदच्या खत कारखान्यात यंत्रांवर बावीस वर्षं काढलेला, कंपनीच्या वसाहतीत एकटा राहणारा माणूस. साठीला टेकलेला. शेजारी पियूष कुणाला तरी सांगत होता, की प्रत्येकानं आपापला एक संघ धरलाय. त्याचा स्वतःचा गेल्या वर्षीचा विजेता, अभिजितचा बफेलो.

"बफेलो म्हणजे ते सलग चार वर्षं फायनलला जाऊन चारी वेळा हरले, तेच नव्हं?" पातेल्यापासून आवाज आला.

पियूष वळला. "काका, तुम्हाला काय माहीत?"

"आमचं डेट्रॉइट," शहाजी म्हणाले. "लायन्स."

पियूष एवढा हसला, की हातातलं दूध सांडलं. अभिजितही हसला. दत्तोपंतांना कळेना, हसण्यासारखं काय झालं. घरी येताना गाडीत पियूषनं समजावलं. "बाबा, लायन्स म्हणजे... कसं सांगू? शेवटचं विजेतेपद सत्तावन्न सालचं. आत्ताची जी फायनल आहे ना, ती सुरू झाल्यापासून हे लोक एकदाही तिथं पोचलेले नाहीत. एका वर्षी सोळाच्या सोळा सामने हरले. आणि हा माणूस मेसईदला बसून म्हणतो, आमचं डेट्रॉइट! याला शुक्रवारी बोलवायलाच पाहिजे रे, अभ्या."

पुढच्या शुक्रवारपासून शहाजी यायला लागले. कंपनीची बस सकाळी अल मुंतझापाशी सोडायची, तिथून ते चालत यायचे. हातात शेंगाच्या चटणीची बरणी, डोक्यावर निळी टोपी. दारात चपला काढून त्यांची टोकं भिंतीकडे करून ठेवायचे. सोफ्यावर कधी बसले नाहीत. दत्तोपंतांच्या शेजारची लाकडी खुर्ची ओढून घ्यायचे.

दत्तोपंतांना हळूहळू उमगलं, की शुक्रवारी लोक सामना बघत नव्हते, शहाजींना बघत होते. चेंडू हवेत गेला की शहाजी अर्धे उठायचे, हाताची मूठ तोंडाशी न्यायचे, आणि पियूष मोबाईल त्यांच्याकडे रोखायचा. पुढं काय होणार ते त्याला माहीत असायचं. "बघ, आता बघ," तो अभिजितला कोपरानं ढोसायचा. एकदा लायन्स हरलेला सामना होता, तेव्हा मुद्दाम म्हणाला, "काका, आज तुमचंच आहे बहुतेक." आणि शहाजींनी टोपी सरळ केली. त्या वेळी सगळे का हसले ते दत्तोपंतांना समजलं नाही. त्यांना वाटलं, आपण चहा बशीत ओतून प्यायलो, म्हणून हसले असतील. दुसऱ्या शुक्रवारपासून ते कपानं प्यायला लागले.

हाच संघ का, हे शहाजींनी सगळ्यांदेखतच सांगितलं होतं. गौरीनं सहज विचारलं तेव्हा.

"पोरगा तिकडं आसतोय. डेट्रॉइटच्या जवळच. गाड्यांच्या कंपनीत हाय. श्रेयस."

"मग जाऊन आलात का?"

"न्हाई. बोलत न्हाई तो माझ्याशी." 'जेवण झालंय' असं सांगावं तसं शहाजींनी हे सांगितलं. "त्याची आई गेली, तवा कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचा शटडाऊन चालू हुता. मोबाईल आत नेता येत न्हाई. लॉकरमधी पडून ऱ्हायला. निरोप लागंस्तोवर, विमान मिळंस्तोवर... पाचव्या दिवशी पोचलो. पोरानं एकट्यानंच सगळं केलं हुतं."

शहाजींनाच वाटलं असावं, की आपण सगळ्यांना संकोचात टाकलं. ते घाईनं पुढं म्हणाले, "दोन वर्सांमागं गणपतीत फोन उचलला त्यानं. म्या म्हणलं, भेटायला कधी येतूस? तर म्हणला, लायन्स फायनलला गेले की येईन. आन ठेवला फोन. म्या दुसऱ्या दिवशी आमच्या अमेरिकन सायबाला विचारलं, लायन्स काय आसतंय? त्यो हसतोय, हसतोय, खुर्चीत बसला. त्यानंच ही टोपी आणून दिली, चेष्टेनं."

पियूष म्हणाला, "काका, म्हणजे तो कधीच येणार नाही असं म्हणाला."

"ते कळलं की मला."

"मग?"

"न्हाई म्हणला आसता तर काय करायचं? हे तरी दर आठवड्याला बगता येतंय."

त्या दिवसापासून शहाजींनी बोलून न दाखवलेलं काही उरलं नव्हतं. लायन्स फायनलला गेले, तर मुलाला शब्द पाळावा लागेल. एवढंच. ते बाकीच्या संघांचीही दुखणी ऐकवायचे, घरातल्या आजारपणाबद्दल बोलावं तशी. क्लीव्हलँडवाले चौसष्टपासून कोरडे. ॲरिझोनावाल्यांचं तर सत्तेचाळीसपासून काही नाही. "आपल्याहून वाईट दिवस काढलेली माणसं हाईत, दत्तोपंत," असं म्हणायचे आणि चटणीची बरणी पुढं करायचे.

आणि त्या हंगामात लायन्स जिंकत सुटले.

जानेवारीत बाद फेरीतला पहिला सामना एका गुणानं जिंकले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. शहाजी खुर्चीवर बसून राहिले, आणि टोपी डोळ्यांवर ओढली. पुढच्या शुक्रवारी दुसराही जिंकलेला दिसला. आता मधे एकच सामना होता, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. तो जिंकला की फायनल.

शहाजींनी पडदा आणखी घट्ट केला. त्या सोमवारपासून त्यांनी मोबाईल बंद करून लॉकरमध्ये ठेवला. अमेरिकन साहेब समोर आला की कानांवर हात ठेवून वळायचे. शुक्रवारी दारात पाऊल ठेवताच त्यांनी खिशातून बंद मोबाईल काढून दत्तोपंतांच्या हातात दिला. "तुमच्यापाशी ठेवा. शेवटाला चालू करू. जिंकले आसतील तर पोराचं काय ना काय येऊन पडलं आसंल."

सामना सुरू झाला. लायन्सनी पहिल्याच झटक्यात गुण घेतले, मग पुन्हा, मग पुन्हा. गौरीसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. मध्यांतराला गुणफलक होता चोवीस विरुद्ध सात. शहाजी उभेच होते. दत्तोपंतांनी नकळत त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

पियूषनं रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"काका, आता पडदा काढतो. किती ताणायचं? जिंकले."

शहाजींनी त्याच्याकडे बघितलं. "काय म्हणलास?"

"फायनलला गेले तुमचे लायन्स. सोमवारपासून माहीत आहे मला. खलास!"

"खरं?"

"तुमची शपथ."

"पियूष, शपथा नको हं," गौरी म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं ओठ दाबला होता. अभिजित जमिनीकडे बघत होता. दत्तोपंतांना वाटलं, मुलाला भरून आलंय.

शहाजींचे हात वर गेले. ते ओरडले नाहीत. फक्त तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडात एवढं हसू, की दत्तोपंतांनी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पियूषच्या मोबाईलनं ते टिपलं. तोच हा फोटो.

"कळवा की पोराला!" पियूष मोबाईल खाली न करता म्हणाला.

"ए, ते नको," अभिजित पुटपुटला.

"का नको? शब्द दिलाय त्यानं. काका, बोला. व्हॉइस पाठवा."

दत्तोपंतांनीच त्यांचा मोबाईल चालू करून दिला. चालू झाल्यावर तो थोडा वेळ थरथरला. कंपनीचे दोन निरोप, मंडळाच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण. श्रेयसचं काही नव्हतं.

"कामात आसंल," शहाजी म्हणाले. मग मोबाईल तोंडाजवळ धरून, शाळेत कविता म्हणतात तसे सरळ उभे राहून बोलले, "श्रेयस, बाबा बोलतोय. लायन्स गेले बग फायनलला. म्या आत्ताच बगितलं. तू शब्द दिला हुतास. सवडीनं ये. घाई न्हाई. पर ये."

गौरीनं शिरा केला होता. शहाजींनी दोनदा घेतला. "तिकडं रात आसंल आता, उठंल तवा बगंल," असं प्रत्येक घासाला म्हणत होते. श्रेयसला कुठं झोपवायचं, मेसईदच्या खोलीत दुसरी खाट टाकू देतील का, की मुंतझात एखादी खोली बघावी, असं बोलणं चाललं होतं. पियूष अभिजितच्या कानाशी लागून म्हणाला, "दुसरा हाफ लावतो आता. चेहरा बघ." अभिजित म्हणाला, "आधी जेवू दे नीट." त्याला थांबवावंसं वाटलं असेल. पण तो बोलला एवढंच.

उत्तर तिसऱ्या प्रहरी आलं. शहाजींची बोटं तुपानं चिकट झाली होती. त्यांनी मोबाईल दत्तोपंतांपुढे सरकवला. "वाचा. मोठ्यानं वाचा."

दत्तोपंतांनी चष्मा लावला. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. ते एकेक शब्द जुळवत वाचू लागले. पुढं काय लिहिलंय ते कळायच्या आत प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर पडत गेला.

"बाबा, चेष्टा करायला आज इतक्या वर्षांनी हेच मिळालं का. लायन्स रविवारी हरले. इथं लहान पोरांनाही माहीत आहे. आई गेली तेव्हाही तुम्ही पाचव्या दिवशी आलात. आजही पाचवाच दिवस आहे. परत मेसेज करू नका."



दत्तोपंतांना पहिल्यांदा वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्यांनी पुन्हा ओठ हलवत वाचायला सुरुवात केली, तेव्हा शहाजींनी मोबाईल त्यांच्या हातातून हलकेच काढून घेतला.

"काका," पियूष म्हणाला, "गंमत केली हो. जेवण झाल्यावर दाखवणारच होतो. मला काय माहीत तो असा..." त्याचा आवाज मधेच लहान झाला. मग तो जरा चिडून म्हणाला, "पण तुम्ही तरी पाच दिवस मोबाईल बंद ठेवायचा? कोण ठेवतं?"

शहाजी न्हाणीघरात जाऊन हात धुऊन आले. खुर्चीवर बसले.

"उरलेला लावा," म्हणाले.

"राहू दे, काका."

"अर्धा सामना ऱ्हायलाय. लावा."

पियूषनं लावला. आणि मग त्या पाच माणसांनी सामन्याचा दुसरा अर्धा भाग शेवटपर्यंत बघितला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. सतरा गुणांची आघाडी वितळत गेली. एकदा चेंडू लायन्सच्याच खेळाडूच्या हाती यायचा, तर तो त्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर आपटून उडाला आणि थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडला. नंतर चेंडू लायन्सच्या हातातूनच निसटला. शहाजी हलले नाहीत. मूठ तोंडाशी गेली नाही. मोबाईल पियूषच्या मांडीवर उपडा पडला होता. शेवटी चौतीस विरुद्ध एकतीस.

"तितं फील्ड गोल का न्हाई मारला?" शहाजींनी विचारलं. "लांबून पायानं मारला आसता तर तीन गुण पदरात पडले आसते. दोनदा."

पियूष लगेच पुढं सरकला. बोलायला काहीतरी मिळालं, याचा त्याला केवढा आनंद झाला होता. "त्यांचा प्रशिक्षक तसाच आहे, काका. धोका पत्करतो. वर्षभर त्यामुळेच तर जिंकले."

"आसं व्हय," शहाजी म्हणाले. मग त्यांनी आपला कप विसळून ओट्यावर पालथा ठेवला.

दत्तोपंत त्यांच्याबरोबर बसपर्यंत चालत गेले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. अभिजित म्हणाला, "बाबा, मी सोडतो गाडीनं." दत्तोपंतांनी मान हलवली आणि चपला घातल्या. शहाजींच्या चपला भिंतीकडे टोकं करून तशाच होत्या.

त्या दिवसांत आशिया चषक चालू होता. खांबाखांबावर झेंडे होते. सामन्याला निघालेली पोरं तोंडं रंगवून गाड्यांतून आरडाओरडा करत चालली होती. दोघं कडेकडेनं चालत राहिले. दत्तोपंतांना बरंच बोलायचं होतं. मुलाला आपण कळवू, तुमची चूक नव्हती म्हणून सांगू, असं त्यांच्या मनात आलं. पण श्रेयसचा नंबर कसा मागायचा, मागितला तर त्यांना काय वाटेल, आणि आपलं ऐकणार कोण, या विचारात दोन चौक मागे पडले. मागे पडलेलं ते नंतर पुढं आलं नाही. शहाजींनी टोपी काढून हातात धरली होती. थोड्या वेळानं ती दुमडून पिशवीत, रिकाम्या बरणीच्या बाजूला घातली.

त्यानंतर शहाजी पुन्हा आले नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरीला त्यांची नोकरी संपली, आणि कुणाला न कळवता ते बार्शीकडे गेले. ऑगस्टमध्ये छातीत कळ आली म्हणे. पुढच्या हंगामात लायन्सनी पंधरा सामने जिंकले, आणि बाद फेरीतल्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर हरून बाहेर पडले. अभिजितच्या घरी शुक्रवार अजून भरतो. लाकडी खुर्ची गौरीनं दत्तोपंतांच्या खोलीत नेऊन ठेवली आहे. कपडे टाकायला बरी पडते.

त्या संध्याकाळी बस आली, तेव्हा शहाजींनी दांड्याला धरून एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळले.

"दत्तोपंत, चटणी जास्त तिखट हुती का आजची?"

"थोडी," दत्तोपंत म्हणाले. "मला सोसत नाही आता."

"मग पुढच्या शुक्रवारी तुमची येगळी आणतो. लसूण कमी घालून."

"आणा," दत्तोपंत म्हणाले.